गर्भारपणात धावणे: किती, कुठे आणि कधी थांबावे

नियमित धावणाऱ्या स्त्रीला दिवस गेले की घरात सर्वांत आधी तिच्या धावण्याचा विषय निघतो. आईला हादऱ्यांची भीती वाटते, सासूबाईंना पहिले तीन महिने जिना चढणेही नको असते, आणि रनिंग ग्रुपमधली एखादी मैत्रीण आपण आठव्या महिन्यापर्यंत कशा धावलो हे आवर्जून सांगते. ही सारी माणसे आपल्या हिताचेच बोलत असतात, परंतु त्यांच्यापैकी कोणासमोरही तुमच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, तुमचे हिमोग्लोबिन आणि तुमची आज सकाळची अवस्था नसते. मी पुण्यात तळजाईच्या टेकडीवर वर्षानुवर्षे धावत आले आहे. पहिल्या गर्भारपणात सव्विसाव्या आठवड्यापर्यंत धावले आणि त्यानंतर बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत चालले. त्या अनुभवावरून मी इतके नक्की सांगेन की या नऊ महिन्यांत हालचाल टिकवण्यासाठी झटावे, ती धावण्याच्या रूपात किती दिवस राहील हे शरीराला ठरवू द्यावे, आणि धावण्यावरून चालण्यावर कधी यायचे याचा विचार पहिल्याच महिन्यात करून ठेवावा.

आधी डॉक्टरांशी बोलणे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, ज्या गर्भवती स्त्रीला वैद्यकीय अडचण नाही तिने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करावी, आणि जी आधीपासून जोरकस व्यायाम करत होती ती तो पुढेही चालू ठेवू शकते. यातला ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी कधी नियमित धावणे केलेले नाही त्यांनी ते या काळात सुरू करू नये. आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटे चालण्यापासून आरंभ करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जावे. त्यांच्यासाठीही खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी लागू आहेत.

पहिल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना नुसते “व्यायाम करू का?” असे विचारले, तर “थोडेफार चाला” असेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण आपण आठवड्याला किती धावतो याची त्यांना कल्पना नसते. त्यामुळे आकडे सांगावेत: गेल्या सहा महिन्यांत आठवड्याला किती दिवस, किती किलोमीटर, कोणत्या वेगाने धावलो, मागे कधी दुखापत झाली होती का, आधीचा गर्भपात किंवा वेळेआधीची प्रसूती झाली होती का. मग नेमके विचारावे की माझ्या रिपोर्टमध्ये धावणे थांबवावे असे काही दिसते का. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर हाच प्रश्न पुन्हा विचारावा, कारण वार, म्हणजे प्लासेंटा, गर्भाशयात कोठे आहे हे तेव्हा स्पष्ट होते. वार खाली असल्याचे दिसले तर घाबरून जाऊ नये, कारण गर्भाशय वाढते तशी ती बऱ्याचदा वर सरकते. मात्र पुढची सोनोग्राफी होईपर्यंत धावण्याबाबत डॉक्टर सांगतील तेच प्रमाण मानावे.

काही अवस्थांत धावणे पूर्णपणे बंद ठेवावे लागते. कारण न कळलेला आणि सतत होणारा रक्तस्राव, वेळेआधी सुरू झालेल्या कळा किंवा फुटलेली पाणमोट, अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरही गर्भाशयाच्या मुखावर असलेली वार, गर्भाशयाचे मुख सैल असणे, गर्भारपणातील वाढलेल्या रक्तदाबातून उद्भवणारा प्री-एक्लॅम्पसिया, बाळाची वाढ खुंटणे, तिळे असणे, आणि हृदयाचे, फुफ्फुसांचे, थायरॉइडचे किंवा मधुमेहाचे आटोक्यात नसलेले आजार या त्या अवस्था होत. जुळे असताना अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर, पूर्वी वारंवार गर्भपात झाले असल्यास, किंवा लक्षणे दाखवणारा ॲनिमिया असल्यास निर्णय डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच घ्यावा.

ॲनिमियाचा मुद्दा आपल्याकडे अधिक गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला होता. धावणाऱ्या स्त्रिया आपण तंदुरुस्त आहोत या समजुतीत ही तपासणी हलक्यात घेतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि अशा वेळी जिन्यावर लागणारी धाप, थकवा किंवा धडधड ही ‘गर्भारपणामुळेच होते’ म्हणून सोडून देण्यासारखी नसते. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. दोन गोळ्यांमध्ये निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. माझ्या मते आठवड्याच्या धावण्याच्या वेळापत्रकापेक्षा हे वेळापत्रक भिंतीवर आधी लावले पाहिजे.

हादऱ्यांविषयी घरच्यांना काय सांगावे

पहिल्या तीन महिन्यांत धावल्याने गर्भ ‘पडेल’ ही भीती खोलवर रुजलेली असते, आणि तिची टर उडवून ती जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कडीत सुरक्षित असते आणि गर्भ पाण्याच्या पिशवीत तरंगत असतो, त्यामुळे पावलांचा हादरा त्याच्यापर्यंत आपल्याला वाटतो तसा पोहोचत नाही. पहिल्या तिमाहीतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांतील दोष असतो, म्हणजे ते आईच्या चालण्या-धावण्यामुळे घडलेले नसतात. हे मी माझ्या सासूबाईंना स्वतः सांगितले तेव्हा त्या गप्प राहिल्या. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर नेले आणि त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून तेच ऐकले, तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच माझ्यासाठी खजूर काढून ठेवले होते. घरातल्या मोठ्या माणसांना एकदा तपासणीला नेणे हा मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय आहे.

दुसरीकडे, पहिल्या तिमाहीत उलट्या, मळमळ आणि प्रचंड झोप यांमुळे धावणे सुटले, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. पोटात पाणीही ठरत नसेल त्या दिवशी धावणे हा व्यायाम राहत नाही. त्या आठवड्यांत संध्याकाळी वीस मिनिटांचा फेरफटका झाला तरी पुरे आहे.

वेग कसा ओळखावा

या सगळ्यात सर्वांत जास्त चुका वेगाबाबत होतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदय दर मिनिटाला बरेच जास्त रक्त ढकलते, आणि विश्रांतीच्या अवस्थेतलेच ठोके १० ते २० नी वाढलेले असतात. हे बदल पोट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. त्यामुळे पूर्वी सहजपणे जमणारा वेग दुसऱ्याच महिन्यात दम काढू लागतो, आणि मनगटावरचे घड्याळ मात्र आपण मंदावल्याची नोंद करत राहते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली गर्भवती स्त्रीने हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नयेत असे म्हटले होते. १९९४ मध्ये त्यांनीच ही मर्यादा काढून टाकली. तरीही १४० हा आकडा आजही कानावर येतो. ठोक्यांच्या आकड्यावर या काळात फारसे विसंबता येत नाही, कारण गर्भारपणात हृदयाची प्रतिक्रियाच बदललेली असते आणि ती प्रत्येकीची वेगळी असते.

त्याऐवजी बोलून पाहावे. धावताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. मी एकटी धावत असे तेव्हा बाराचा पाढा म्हणत असे: बारा एके बारापासून बारा चोक अठ्ठेचाळीसपर्यंत एका ओघात म्हणता आले तर वेग ठीक, दर पायरीला श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त, आणि पाढा सुचेनासा झाला तर तिथेच चालायला लागायचे. तळजाईच्या पहिल्या चढावर, जिथे मी पूर्वी न थांबता गप्पा मारत चढायचे, तिथे पंधराव्या आठवड्यात माझा पाढा छत्तीसपाशी तुटला. त्या दिवसापासून मी तो चढ चालत चढू लागले आणि धावणे वरच्या सपाट भागासाठी राखून ठेवले. घड्याळ घालायचेच असेल तर केवळ वेळ पाहण्यासाठी घालावे. वेगाची आणि अंतराची पाने बंद करून ठेवावीत.

इंटरव्हल (थोड्या विश्रांतीने तोडलेले वेगवान तुकडे), टेम्पो रन (दम लागेल अशा वेगाने सलग धावणे), टेकडीवरचे वेगवान चढ आणि लाँग रन, म्हणजे आठवड्यातले सर्वांत लांब धावणे, वाढवत नेणे या चारही गोष्टी चाचणी सकारात्मक आल्याच्या दिवसापासून बाजूला ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. काही अव्वल खेळाडू त्या करतात, पण त्यांच्यामागे वैद्यकीय पथक असते. अमेरिकेची धावपटू अलिसिया मोंतान्यो २०१४ साली चौतिसाव्या आठवड्यात ८०० मीटरच्या राष्ट्रीय स्पर्धेत धावली आणि तिचे छायाचित्र सर्वत्र फिरले. ती त्या दिवशी आपल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सुमारे ३५ सेकंद हळू धावली होती, ही गोष्ट त्या छायाचित्राबरोबर क्वचितच सांगितली जाते.

आठवड्याची आखणी

दुसऱ्या तिमाहीत बहुतेक जणींना पुन्हा हुशारी वाटू लागते, आणि तेव्हा धावणे व चालणे यांची मिसळ करणे सोपे जाते. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी तीस ते चाळीस मिनिटे, त्यांपैकी पहिली आणि शेवटची पाच मिनिटे केवळ चालणे, ही बरी सुरुवात आहे. मधल्या वेळात चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असा क्रम ठेवावा. पोट वाढेल तसे तो दोनास एक, मग एकास एक असा उतरवत न्यावा. उरलेल्या दोन-तीन दिवशी चालणे, पोहणे किंवा स्थिर सायकल यांपैकी जे जवळ उपलब्ध असेल ते करावे. पोहण्यात सांध्यांवर वजन येत नाही आणि पाण्यात शरीर तापत नाही, म्हणून स्वच्छ तलाव हाताशी असेल तर शेवटच्या तिमाहीत त्याच्यासारखा व्यायाम नाही.

आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे ताकदीच्या व्यायामाला द्यावीत: खुर्चीच्या आधाराने बैठका, भिंतीवर हात टेकून पुश-अप, एका कुशीवर झोपून पाय उचलणे. विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर उताणे झोपून बराच वेळ व्यायाम करू नये, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येऊ शकते. पेल्विक फ्लोअरचे स्नायू, म्हणजे लघवी अडवून धरताना जे आवळले जातात ते, दिवसातून तीन वेळा आवळून सोडण्याचा सराव ठेवावा. आवळण्याइतकेच पूर्ण सैल सोडणेही शिकावे लागते. धावताना लघवीचे थेंब गळू लागले तर ते लाजेने लपवू नये; त्या स्नायूंवर पेलण्यापेक्षा अधिक भार येत असल्याची ती खूण आहे, आणि धावणे कमी करून फिजिओथेरपिस्टला भेटण्याची वेळ झालेली आहे.

कुठे, कधी आणि काय घालून

शरीराचे आतले तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, आणि पहिल्या तिमाहीत याची विशेष काळजी घ्यावी, कारण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटत असते. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा किंवा मुंबईतली मे महिन्यातली दमट पहाट यांत धावण्याचा आग्रह धरू नये. मुंबईत पारा कमी दिसला तरी हवेतल्या ओलाव्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. अशा दिवसांत घरात पंखा लावून जागच्या जागी चालावे किंवा ट्रेडमिलवर सुरक्षेची क्लिप कपड्याला अडकवून चालावे. हिवाळ्यात शहरांमध्ये पहाटेची हवा धुरकट असते. त्या दिवशी धावणे थोडे उशिरा केलेले बरे.

रस्ता निवडताना सपाट, उजेडाचा आणि ओळखीचा निवडावा. मातीची पायवाट पायांना मऊ असली तरी पावसाळ्यात ती निसरडी होते. मैदानाभोवतीची फेरी, म्हणजे मुंबईतील शिवाजी पार्कसारखी जागा, यासाठी चांगली, कारण घरापासून लांब अडकण्याची वेळ येत नाही आणि जवळपास स्वच्छतागृह व माणसे असतात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमधल्या यवतेश्वर घाटासारखे लांब उतार या वर्षी टाळावेत; उतरताना गुडघ्यांवर आणि ओटीपोटाच्या सांध्यांवर सर्वांत जास्त ताण येतो.

माझे धावणे ज्या दिवशी थांबले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. टेकडीकडे जाणाऱ्या फुटपाथवर एक पेव्हर ब्लॉक दोन बोटे वर उचलला गेला होता. मी त्या वाटेने शेकडो वेळा गेले होते, पण सव्विसाव्या आठवड्यात पोटामुळे मला माझी पावलेच दिसत नव्हती. बोट अडकले, मी दोन पावले पुढे ढकलले गेले आणि एका दुकानाच्या बंद शटरला हात लावून सावरले. पडले नाही, दुखलेही नाही. पण शरीराचा तोल पुढे गेला आहे आणि आपल्याला ते कळायला उशीर होतो आहे, हे त्या क्षणी उमगले, आणि मी तिथूनच चालत घरी आले. कोणी खरोखरच पोटावर पडले तर काही दुखत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण वार सुटू लागल्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात. आणि रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागू शकते.

कपड्यांचे थोडक्यात सांगायचे तर, चांगला आधार देणारी ब्रा दर दोन-तीन महिन्यांनी मापानुसार बदलावी लागते, आणि पोटाखालून आधार देणारा पट्टा काही जणींना वजन खेचल्यासारखे वाटणे कमी करतो. तो घट्ट आवळू नये. फोन, थोडे पैसे आणि आपत्कालीन संपर्काची चिठ्ठी नेहमी जवळ असावी.

खाणे-पिणे

‘दोन जिवांचे खा’ हा सल्ला प्रेमाचा आहे, परंतु दुप्पट जेवणाची गरज नसते. दुसऱ्या तिमाहीपासून दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, आणि धावण्यात जेवढे खर्च होते ते त्यावर भरून काढावे लागते. उपाशीपोटी धावू नये. अर्धा तास आधी एक केळे किंवा दोन-तीन खजूर, आणि परतल्यावर तासाभरात अंडी, मूग किंवा थालीपीठ-दही असे प्रथिने असलेले खाणे घ्यावे. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाच्या दिवशी धावणे ठेवू नये. पाणी पुरेसे झाले की नाही हे लघवीच्या फिक्या रंगावरून ओळखावे. ताक किंवा चिमूटभर मिठाचे लिंबूपाणी घाम आलेल्या दिवशी उपयोगी पडते. रक्तदाब वाढलेला असेल तर मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे.

लगेच थांबण्याच्या खुणा

रक्तस्राव, पाणी जाणे, नियमित येणाऱ्या वेदनायुक्त कळा, छातीत दुखणे, धावायला लागण्याआधीच लागलेली धाप, चक्कर, डोके ठणकणे, स्नायूंत अशक्तपणा येऊन तोल जाणे, किंवा एका पोटरीत दुखणे आणि सूज, यांपैकी काहीही झाल्यास तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करावा; ‘घरी जाऊन बघू’ असे म्हणू नये. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली तरीही हेच करावे.

दोन दुखण्यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. जांघेत एका बाजूला अचानक लचक भरल्यासारखी कळ येऊन चालल्यावर थांबते, ती बहुधा गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले गेल्यामुळे असते, आणि वेग कमी केल्यावर ती जाते. याउलट ओटीपोटाच्या पुढच्या सांध्यात, रात्री कूस बदलताना किंवा एका पायावर उभे राहून सलवार घालताना दुखू लागले, तर धावणे बंद करावे. त्यावर धावत राहिल्यास दुखणे वाढत जाते आणि शेवटी चालणेही अवघड होते. तेव्हा सलवार बसून घालावी, गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर काढावेत आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

बाळंतपणानंतर

सव्वा महिना झाला की धावायला मोकळीक मिळते, असा समज आहे. सहाव्या आठवड्याची तपासणी आवश्यक असली तरी धावण्यासाठी ती पुरेशी नाही. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात बाळंतपणानंतर किमान तीन महिने धावू नये असे म्हटले आहे, आणि सिझेरियन झाले असेल तर मला त्याहूनही घाई नको वाटते. सुरुवात करण्याआधी तीस मिनिटे चालून पाहावे, एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, एक मिनिट जागच्या जागी हलके धावावे आणि प्रत्येक पायावर दहा उड्या माराव्यात. यात कुठे दुखले नाही, खाली जडपणा जाणवला नाही आणि लघवी गळली नाही, तरच एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे यापासून आरंभ करावा. मध्यम व्यायामाने अंगावरचे दूध कमी होत नाही. बाळाला पाजून मग निघाले म्हणजे छातीही हलकी राहते.

जुने शूज मात्र थेट घालून निघू नये. पहिल्या गर्भारपणात काही जणींच्या तळपायाची कमान बसते आणि पाऊल कायमचे थोडे लांब होते. पायांची सूज पूर्ण उतरल्यावर, एखाद्या संध्याकाळी कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलने काढावी, मोठ्या पावलाचे माप घ्यावे आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असेच शूज घ्यावेत.